कॅसेटी डिजिटल करून घेतल्या आणि जातंच गायब झालं, ५ पैकी ३ स्टार

आधीच सांगते, दुकानाचं नाव-पत्ता देणार नाहीये. उगाच कोणाच्या पोटावर पाय नको आणि माणूस तसा भला आहे. पण तुमच्या माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेटी पडल्या असतील आणि "एकदाच्या डिजिटल करून टाकू" असं चाललं असेल तर हे वाचून मग जा, कारण काउंटरवर काय बोलायचं ते माहीत नसलं की काय होतं ते मी सात हजार रुपये भरून शिकलेय.

माझ्या कॅसेटी लग्न-मुंजीच्या नव्हत्या. २००४ साली मी मानवशास्त्रात एम.ए. करत होते, तेव्हा प्रबंधासाठी मुळशीतल्या एका गावात जाऊन येऊन महिना-दीड महिना राहिले होते आणि जात्यावरच्या ओव्या, देवीची जत्रा, नाचणीची भाकरी, असं दिसेल ते शूट केलं होतं. कॅमेरा डिपार्टमेंटचा, कॅसेटी माझ्या खिशातल्या. एकूण १४ भरल्या, ११ मिनी डीव्ही आणि ३ हाय-एट. प्रबंध झाला, मार्क मिळाले, कॅसेटी बिस्किटाच्या डब्यात गेल्या, डबा माळ्यावर, आणि मी नोकरीला लागले. वीस वर्षांत त्या लावून बघायला कॅमेरासुद्धा उरला नाही कोणाकडे.

मग गेल्या वर्षी त्या गावातल्या मावशींच्या नातवाचा फोन आला. मावशी म्हणजे माझ्या प्रबंधातल्या मुख्य गाणाऱ्या, आता ऐंशीच्या पुढे आहेत. नातू पिरंगुटला कंपनीत आहे आणि गावावर रील्स करतो, बरे करतो. तो म्हणाला, ताई तुमच्याकडं आज्जीचं शूटिंग हाय ना, द्या की आम्हाला. इतकी लाज वाटली मला. वीस वर्षांत मी त्यांना एक सीडीसुद्धा दिली नव्हती.

म्हणून हे दुकान. पेठेत, जिन्याखाली, बाहेर बोर्डावर पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सगळ्यात खाली "जुन्या कॅसेट डिजिटल करून मिळतील". मालक दादा पूर्वी लग्नाची शूटिंग करायचे. हात फार चांगला आहे हे मान्यच करावं लागेल. एका मिनी डीव्हीची टेप तुटलेली होती, मला वाटलं गेली ती, पण त्यांनी कॅसेटचे बारीक स्क्रू काढून, टेपची दोन टोकं जोडून, नव्या खोक्यात बसवून ती चालवली. माझ्यासमोर. हातात पांढरे मोजे घालून, चिमट्यानं. बघत बसावंसं काम. त्या एका कॅसेटचे दोन स्टार तिथेच दिले मी मनात.

रेट साधा ३५०, आणि "एआय सफाई"सकट ५००. मी विचारलं सफाई म्हणजे काय हो, तर दादा म्हणाले मॅडम खरखर जाते, फोर-के होतं, मोबाइलवर एकदम नव्यासारखं दिसतं. मी म्हटलं करा. हीच माझी चूक, तेव्हा कोणीतरी माझा हात धरायला हवा होता.

आठ दिवस सांगितले होते, पाच आठवडे लागले. ते सोडा, पुण्यात चालायचंच. पेन ड्राइव्ह घरी आणून लावला तर पहिली गोष्ट म्हणजे सगळी माणसं जाड. जुना चौकोनी व्हिडिओ ताणून रुंद केलेला, त्यामुळे गावातली काटक बाईमाणसंसुद्धा सगळी गुटगुटीत. खाली उजव्या कोपऱ्यात दुकानाचा लोगो, गोल गोल फिरणारा, मागे बासरी. हो, बासरी! जत्रेच्या क्लिपला त्यांनी स्वतःहून बासरीचं म्युझिक टाकलं होतं, का तर "मॅडम तिथं नुसता गोंगाट होता". फाइलच्या प्रॉपर्टीज उघडल्या तर आर्टिस्टच्या रकान्यात दुकानाचं नाव आणि खाली कॉपीराइट २०२५. म्हणजे मी, मावशी, गाव, डिपार्टमेंट सगळे बाजूला आणि कलाकार कोण तर लॅमिनेशन करणारे दादा. मी हसले जरा वेळ.

मग ओव्यांची कॅसेट लावली आणि हसू गेलं.

जातं नव्हतं. म्हणजे दिसत होतं, मावशी खुंटा धरून बसलेल्या, दगड फिरतोय, पीठ पडतंय, आणि आवाज फक्त गळ्याचा. घरघर पूर्ण साफ. हे सफाईचं सॉफ्टवेअर बोलणं तेवढं ठेवायला शिकवलेलं असतं, एकसारखा चालू राहणारा आवाज आला की तो पंखा किंवा एसी समजून उडवून देतं, आणि जात्याचा आवाज एकसारखाच असतो की. काकणं गेली, मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडतानाचा आवाज गेला, कोंबडी गेली. उरलेला गळासुद्धा पाण्याखालून आल्यासारखा, श्वास मध्येच तुटलेले.

चित्राची सफाई पण बघा. मावशींच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, हिरवे बारीक ठिपके. सॉफ्टवेअरला ते डाग वाटले असणार. चेहरा गुळगुळीत, गोंदण फिकट होत होत काही फ्रेममध्ये पार नाहीसं झालेलं आणि मान वळवली की परत उगवणारं. क्रीमच्या जाहिरातीतली आजी.

तरी मी ती घेऊन गावाला गेले, दुसरं काय नेणार. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला, अख्खं घर आणि शेजारचे जमले. मावशींनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "आगं बाय, जातं कुटं गेलं?" मी सॉफ्टवेअरचं काहीतरी सांगायला लागले. त्यांनी हात हलवला, "जातं नाय तर ववी म्हनायची कुनाला? ह्ये भाकर खाऊन सावलीला बसल्यावानी वाटतंय." ओवी जात्याला म्हणायची असते, जातं म्हणजे देव, सखा, माहेरचं माणूस, जे पाहिजे ते, आणि ऐकणाऱ्यालाच काढून टाकलं तर गाणारी कोणासाठी गातेय? हे मी प्रबंधात एक अख्खं पान लिहिलं होतं, मस्त संदर्भ देऊन वगैरे, आणि सफाईच्या दीडशे रुपयांना हो म्हणताना ते एक पान डोक्यात आलं नाही.

वर्गात शिकलेली एक गोष्ट तिथे बसल्या बसल्या आठवली. झाँ रूश नावाचा फ्रेंच मानवशास्त्रज्ञ-फिल्मवाला, त्यानं १९५१ मध्ये नायजर नदीवर सोर्को लोकांची पाणघोड्याची शिकार शूट केली आणि जोर यावा म्हणून शिकारीच्या सीनमागे त्यांचंच शिकारीचं संगीत टाकलं. नंतर त्याच गावात, आयोरूला, पडदा लावून फिल्म दाखवली तर शिकारी म्हणाले अरे बाबा, शिकारीत एवढं संगीत वाजवलं तर पाणघोडा पळून नाही का जाणार, तिथं शांतता लागते. रूशनं ते संगीत काढलं. पुढं ज्यांची फिल्म त्यांनाच ती दाखवून त्यांच्याशी बोलत बोलत फिल्म करायची ही त्याची पद्धतच झाली. त्याच्यावर आवाज काढायची वेळ आली, माझ्यावर परत आणायची.

गावाहून आले ती थेट दुकानात. भांडले नाही, पण आवाज चढला होता. दादांना खरंच कळत नव्हतं काय चुकलं, त्यांच्या मते त्यांनी जास्तीचं काम केलं होतं. मी म्हटलं मला कच्चं पाहिजे. कच्चं म्हणजे टेपवर आहे तसं, ना कमी ना जास्त.

आता जरा टेक्निकल, पण कामाचं आहे. मिनी डीव्हीवर चित्र मुळातच डिजिटल असतं. त्यामुळे कॅमेऱ्यातून फायरवायरच्या केबलनं कॉम्प्युटरला जोडलं की टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो, तासाला साधारण १३ जीबी. पण बरीच दुकानं लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या केबलनं यूएसबीच्या डबीत घेतात आणि लगेच दाबून एमपीफोर करतात, दीड-दोन जीबीत काम संपतं. वेळ दोन्हीला तेवढाच, तासाच्या टेपला तास, फक्त फायरवायरचं कार्ड असलेला जुना कॉम्प्युटर जिवंत ठेवावा लागतो. या दादांकडे तो होता! कोपऱ्यात, वर लॅमिनेशनचे रोल ठेवलेले. आणि डबीतून घेतलं की एक मोठी गोष्ट मरते, ती म्हणजे तारीख-वेळ. डीव्ही टेपवर प्रत्येक फ्रेमसोबत शूटिंगची तारीख आणि वेळ आतल्या आत नोंदलेली असते. पहिल्या पेन ड्राइव्हवरच्या सगळ्या फायलींची तारीख २०२५, जणू मावशी मागच्या महिन्यात दळत होत्या.

दुसऱ्या वेळी दादांनी कच्चं दिलं. ११ मिनी डीव्हींचे २२०० रुपयेच घेतले. हार्ड डिस्क माझी. लोगो नाही, बासरी नाही, चौकोनी ते चौकोनीच. तिसरा स्टार त्याचा.

आणि त्या कच्च्या फायलींनी मलाच पकडलं. माझ्या प्रबंधात लिहिलंय की ओव्या पहाटे दळताना रेकॉर्ड केल्या. छान वर्णन आहे, अंधार, रॉकेलची चिमणी, दाराच्या फटीतून गारवा. टेपवर काय आहे? २२ फेब्रुवारी २००४, दुपारी २ वाजून १० मिनिटं. मग आठवलं सगळं. गावात तेव्हा विजेची गिरणी होती, पहाटे कोणी दळत नव्हतं, मीच मावशींना म्हटलं होतं एकदा दळून दाखवा ना. त्यांनी अडगळीतून जातं काढलं, झाडलं, आणि उजेड हवा म्हणून मीच ते दाराशी ओढायला लावलं. रॉबर्ट फ्लॅहर्टी नावाच्या अमेरिकन माहितीपटवाल्यानं १९२२ च्या फिल्ममध्ये एस्किमोंचं बर्फाचं घर अर्धं कापून उघडं ठेवलं होतं, का तर आत कॅमेऱ्याला उजेड पुरत नव्हता, आणि आम्ही त्याला वर्गात किती नावं ठेवली होती! मी दगडाचं जातं सरकवलं, बाकी फरक काय? दुकानानं तारीख पुसली तेव्हा माझी लबाडीही सोबतच पुसली गेली होती. तशीच राहू दिली असती तर कोणाला कळणारही नव्हतं.

हे कच्चं घेऊन परत गावाला गेले, या वेळी लॅपटॉप आणि बरे हेडफोन घेऊन. मावशींनी हेडफोन लावले आणि ऐकता ऐकता मध्येच थांबवलं, "ही ववी माजी न्हाय. ही माज्या जावंची." मी म्हटलं अहो तुम्हीच दिसताय की. "दिसतीया मी, पन आवाज तिचा, ती तिकडनं बसलीया." खरंच, जात्याला दोघी होत्या. जाऊबाई कॅमेऱ्याच्या कडेला, अर्धा खांदा आणि हात तेवढा फ्रेममध्ये. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं शेवट धरायचा. जाऊबाईंचा आवाज हळू होता, जात्याच्या घरघरीत मिसळलेला. सफाईत जात्याबरोबर त्यापण गेल्या होत्या, सॉफ्टवेअरनं जास्त जोराचा आवाज तेवढा ठेवला होता. पण मला सॉफ्टवेअरवर चिडायची सोय राहिली नाही, कारण माझ्या प्रबंधातसुद्धा सगळ्या ४३ ओव्या एकट्या मावशींच्या नावावर आहेत. आणि कॅसेटच्या लेबलवर, माझ्याच अक्षरात, निळ्या पेननं, "ओवी, म्हातारी बाई १". नावसुद्धा नाही. जाऊबाई २०११ मध्ये गेल्या.

हे तेव्हा कोणाला सुचत नव्हतं असंही नाही म्हणता येत. त्याच मुळशी-मावळात माझ्या कितीतरी आधीपासून हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ आणि त्यांच्या सोबतच्या गावागावातल्या बायका ओव्या गोळा करत होत्या, लाखाच्या वर ओव्या आहेत त्या संग्रहात, आणि २०१७ पासून पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर त्या टप्प्याटप्प्यानं आल्या आहेत. तिथं जाऊन बघा एकदा. ओव्यांसोबत गाणारणीचं नाव, गाव, तालुका, बऱ्याच ठिकाणी फोटो, आवाज असेल तर आवाज, आणि काही आवाजांत जातंही आहे. माझ्या गाइडनी मला तो संग्रह बघायला सांगितलं होतं, मी ओव्या बघितल्या, नावं ओलांडून पुढे गेले.

नातवानं मग एक काम केलं जे मी वीस वर्षांत केलं नव्हतं. फोनवर एक शीट उघडली आणि आजीला शेजारी बसवून मिनिट-सेकंदाप्रमाणे लिहायला घेतलं. ७:१२ जावंची ओवी. ७:५० आज्जीची, पण आज्जीच्या आईकडून आलेली. ९:०५ ही एका वाटसरू बाईकडून ऐकलेली, तिचं नाव माहीत नाही. ११:३० आज्जी चुकली आणि हसली. दोन संध्याकाळी लागल्या. मुंबईत २००८ पासून पॅडमा म्हणून एक ऑनलाइन संग्रह चालू आहे, त्यात पूर्ण फिल्मपेक्षा कच्चं फुटेजच जास्त असतं आणि त्याला असंच वेळेप्रमाणे टिपण जोडता येतं, एकाच सेकंदावर दोन वेगळ्या लोकांचं म्हणणं शेजारी शेजारी राहतं. नातवाला मी ते दाखवलं तर म्हणाला आपलं पण असंच झालंय की. झालंय खरं.

त्या संग्रहाशी जोडलेल्याच कॅम्प नावाच्या मुंबईच्या ग्रुपची २०१३ ची एक फिल्म आहे, कच्छच्या आखातातल्या गलबतांवरच्या खलाशांची. त्यातलं बरंचसं शूटिंग खलाशांनीच साध्या मोबाइलवर केलेलं आहे. खलाशी आपापल्या क्लिपला आवडीचं गाणं जोडून एकमेकांना पाठवायचे आणि फिल्म करताना ती गाणी तशीच ठेवली. बघायच्या आधी मी म्हटलं असतं मागचं गाणं काढा आणि समुद्राचा खरा आवाज ठेवा. पण तिथं गाणं हाच खलाशानं केलेला निर्णय होता. माझ्या जत्रेतली बासरी कोणाचा निर्णय होती तर दादांचा, आणि दादा जत्रेला आलेच नव्हते.

बासरीचा अजून एक किस्सा. मी कच्चं आणायच्या आधीच नातवानं जत्रेची सफाईवाली क्लिप अपलोड केली होती. दुसऱ्या दिवशी त्याला मेसेज, तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचा मजकूर आहे. कुठल्या तरी म्युझिक कंपनीची बासरी निघाली. म्हणजे कॉम्प्युटरनं त्या अख्ख्या व्हिडिओत मालक शोधला आणि त्याला सापडला तो बासरीवाला. ढोल वाजवणारे पंधरा जण त्याला दिसले नाहीत कारण ते कुठेच नोंदलेले नाहीत.

कायद्यात बघायला गेलं तरी गंमतच आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात फिल्मचा आणि साउंड रेकॉर्डिंगचा लेखक म्हणजे प्रोड्युसर, ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. म्हणजे मी किंवा डिपार्टमेंट. गाणारीला परफॉर्मर म्हणून वेगळे हक्क आहेत, ते १९९४ च्या दुरुस्तीत आले, आणि २०१२ मध्ये आपलं नाव लावून घ्यायचा आणि आपल्या गाण्याची नाचक्की होईल अशी मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा हक्कही आला. वकील मैत्रिणीला विचारलं की एआयनं जातं उडवणं ही मोडतोड होते का, तर ती म्हणाली आधी कॅसेटवर नाव लिही मग मला विचार.

तर दुकानाबद्दल थोडक्यात. टेप तुटली असेल, खोकं फुटलं असेल तर बिनधास्त द्या, असा हात मिळणार नाही. काउंटरवर म्हणा "मिनी डीव्ही फायरवायरनं, कच्ची डीव्ही फाइल पाहिजे, एमपीफोर वेगळी चालेल, सफाई नको, ताणायचं नाही, लोगो नको" आणि पावतीवर लिहून घ्या, कारण काउंटरवरचा मुलगा दर आठवड्याला बदलतो. स्वतःची हार्ड डिस्क न्या. एका डीव्हीला १३ जीबी धरा. कॅसेटच्या लेबलचे फोटो आधी काढून ठेवा, दुकानात खोकी बदलतात तेव्हा लेबलं जातात, माझी दोन गेली. आणि लेबलवर नुसतं "म्हातारी बाई" असेल तर जायच्या आधी एक फोन करून नाव विचारून घ्या.

नातवानं परवा जात्यावरची पाच मिनिटं टाकली, न कापता, जात्यासकट. खाली दोघींची नावं, गाव, तालुका, कोणती ओवी कोणाची ते सेकंदाप्रमाणे, शूटिंगची तारीख, आणि "दुपारी २:१०, उजेडासाठी जातं दारात आणलं होतं" हेही त्यानं लिहिलंय, मी सांगितलं होतं म्हणून. सगळ्यात खाली, "शूटिंग: पुण्याच्या मॅडम". मी फोन करून म्हटलं अरे माझं नाव तरी टाक, तर म्हणाला टाकतो की ताई, स्पेलिंग पाठवा. पाठवलंय. अजून बदललेलं नाहीये.

पार्किंग नाही, सोमवारी बंद, दुपारी १ ते ४ शटर. चौथा स्टार दिला असता पण एक हाय-एट अजून त्यांच्याकडेच आहे, बुरशी लागलीय म्हणाले, करतो म्हणाले.